भविष्यकाळातलं वाक्य

"वाक्य दुरुस्त करायचं, हिराओका-सान. वाक्याला उत्तर द्यायचं नाही."

लाल पेनाचं टोपण काढलं की मित्सुए हिराओकाला हा आवाज अजून ऐकू येई, आणि ऐकू आला की ती पाठ ताठ करून बसे. अकरा वर्षांपूर्वी हिरोशिमातल्या पत्रशाळेच्या कचेरीत यानागिदा-सान बारा नव्या तपासनीस बायकांपुढे उभ्या राहून हे बोलल्या होत्या. माणसं काय काय लिहितील, त्या म्हणाल्या होत्या. आजारपण लिहितील, सुनेशी झालेलं भांडण लिहितील. तुमच्या हातातली लाल शाई शब्दांसाठी आहे. त्यांच्या संसारासाठी नाही.

गठ्ठ्यातले सगळे कागद तपासून झाले होते. तळाशी राहिलेला एक तिने दोन्ही हातांनी उचलून समोर ठेवला. वरच्या कोपऱ्यात नाव नव्हतं, गाव नव्हतं. नुसता क्रमांक होता, ३१८. हा कागद ती दर महिन्याला शेवटी ठेवी. ताटातला आवडीचा घास ठेवतात तसा.

पत्रशाळेची पद्धत साधी होती. दर महिन्याला इंग्रजीतलं एक शेपटीवालं क्रियापद. मूळ शब्द लहान मुलालाही येणारा, पण मागे एखादं-दुसरं शेपूट लागलं की त्याची चालच बदलते. शिकणाऱ्याने घरबसल्या त्याची पाच वाक्यं करून पाठवायची. तपासनिसाने ती लाल शाईने दुरुस्त करायची आणि खाली रिकाम्या चौकटीत स्वतःचं एक नमुना वाक्य लिहायचं. मग कागद हिरोशिमाला जाई. तिथे यानागिदा-सान पेन्सिलीने फेरतपासणी करत, काही चुकलं असेल तर समासात लिहून कागद तपासनिसाकडे परत पाठवत, आणि मगच तो शिकणाऱ्याच्या घरी परत पोचे. एप्रिलपासून हे सगळं बंद होणार होतं. वाक्यं पडद्यावर लिहायची होती, आणि चूक यंत्र दाखवणार होतं. हा शेवटचा गठ्ठा होता, आणि शेवटचं क्रियापद होतं 'लुक इन ऑन'.

अर्थ कागदाच्या माथ्यावर छापला होता: 'एखाद्याची खुशाली पाहायला, न बोलावता, थोडा वेळ जाणे.' खाली बारीक अक्षरांत वापर दिला होता. परिचारिका रोग्याकडे, आई झोपलेल्या मुलाकडे, शेजारी एकट्या माणसाकडे. शेपटं दोन, आणि दोन्हींशिवाय चालत नाही.

मित्सुए वाचू लागली.

'दूधवाली मंगळवारी माझ्याकडे डोकावते.' बरोबर. तिने बाजूला लाल गोल काढला.

'बर्फात कोणी कोणाकडे डोकावत नाही.' इथे त्याने एका वाक्यात दोन नकार घातले होते. इंग्रजीला ते सोसत नाहीत. तिने एक खोडला.

'माझा मुलगा ओसाकाहून दर रविवारी फोनने माझ्याकडे डोकावतो.'

पेन कागदावर टेकता टेकता थांबलं.

बाहेर छपरावरचा ओला बर्फ घसरून अंगणात धप्पकन पडला. पाठोपाठ मागचं दार सरकलं आणि शेजारच्या फुसाए-सान हातात झाकलेली वाटी घेऊन आत आल्या. वय ब्याऐंशी. दार वाजवणं हे पाहुण्यांचं काम, असं त्यांचं मत होतं.

"आहेस ना जिवंत?"

"आहे," मित्सुए म्हणाली.

"मग दिवा का लावला नाहीस? मला वाटलं, गेली. मुळ्याचं लोणचं आणलंय. मीठ जास्त झालं असेल तर गप्प खा, सांगू नकोस."

"बसा ना. चहा टाकते."

"बसायला नाही आले. तोंड बघायला आले." तरी त्या पायरीवर टेकल्या आणि गुडघे चोळू लागल्या. "कोणाची चूक काढतेस?"

"फुसाए-सान, तुम्ही रोज यायच्याऐवजी मला फोन केला असता तर?"

"फोनमधून लोणचं येतं का?"

"तसं नव्हे. खुशाली तर कळली असती."

"फोनवर सगळे 'बरी आहे'च म्हणतात. माझी बहीण 'बरी आहे, बरी आहे' म्हणत म्हणत तीन दिवस पडून होती, पाय मोडून. कोणी जाऊन पाहिलं तेव्हा कळलं." त्या उठल्या. "वाटी उद्या नेते. धुवायला विसरू नकोस."

दार सरकलं. मित्सुए पुन्हा कागदाकडे वळली.

चूक सरळ होती. या क्रियापदाला पायांनी जावं लागतं. दारात उभं राहावं लागतं, निदान तोंड तरी दिसावं लागतं. फोनने होत नाही. हे तिने लाल शाईत लिहायचं होतं, आणि ते एका म्हाताऱ्या माणसाने डोंगरातल्या बर्फात एकट्याने वाचायचं होतं. आठवड्यातला त्याचा एक रविवार तिने खोडायचा होता.

तिने तो खोडला. 'डोकावतो'च्या जागी 'फोन करतो' असा साधा शब्द लिहिला आणि बाजूला, शक्य तितक्या मऊ अक्षरात, कारण दिलं: 'या क्रियापदासाठी प्रत्यक्ष जावं लागतं.'

चौथ्या वाक्यात तो वाळत घातलेल्या मण्यांकडे तासातासाला डोकावत होता. माणसांसाठीचं क्रियापद मण्यांना लावलं होतं. तिला हसू आलं.

पाचवं वाक्य तिने दोनदा वाचलं. 'कोणी माझ्याकडे डोकावलं, तर मी आधी चहाचं पाणी ठेवीन आणि आश्चर्य नंतर करीन.'

त्यात एकही चूक नव्हती.

३१८ कोण, ते तिला ठाऊक होतं. त्याचं नाव तेवढं माहीत नव्हतं. अकरा वर्षांच्या एकशे तीस कागदांतून, प्रत्येकी पाच वाक्यांनी, तो थोडा थोडा करून तिच्या टेबलाशी येऊन बसला होता. ओकुइझुमोच्या डोंगरात तो अबॅकसचे मणी करी. लाकूड वर्षानुवर्षं वाळवून, मग कापून, भोक पाडून. अबॅकस आता कोण घेतं, पण हात थांबत नाहीत, असं त्याने 'गिव्ह अप'च्या महिन्यात लिहिलं होतं. गावात असे कारागीर दोन-तीनच उरले होते. त्यांतला एकटा राहणारा कोण, हे तिथल्या स्टेशनावर उतरून पहिल्या भेटेल त्या माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं. ती राहत होती त्या मात्सुए शहराहून गाडीने तीन तासांची वाट. अकरा वर्षं ती वाट तिथेच होती, आणि मित्सुए तिच्यावर एकदाही गेली नव्हती. शिकणाऱ्याला भेटायचं नाही, हा पत्रशाळेचा नियम होता, आणि नियम म्हणजे नियम. दिलेला शब्द मोडला की देवासमोर बसताना कापरं भरतं, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

पण त्या माणसाचं तिच्यावर एक ऋण होतं, आणि ते त्याला कळलेलं नव्हतं.

कामाच्या दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात, तिचा नवरा मोरिहिको गेला. नऊ दिवस गठ्ठा दोरीसकट कोपऱ्यात पडून होता. दहाव्या दिवशी, परत तरी करावा म्हणून, तिने दोरी सोडली. त्या महिन्याचं क्रियापद होतं 'पुट अवे', आवरून ठेवणे. ३१८ने लिहिलं होतं: 'पत्नी गेल्यावर तिची भाताची वाटी मला आवरून ठेवता येईना, म्हणून रविवारी मी तिच्यातूनच जेवतो.' एक बारीकसा शब्द राहून गेला होता, तो तिने लाल शाईने भरला. मग उठून तिने वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात घातलेली नवऱ्याची वाटी बाहेर काढली, धुतली, भात लावला, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. त्या दिवसापासून तिने दोन नेम धरले. रोज सकाळी कान्नोनदेवीसमोर बसून बौद्ध सूत्राचं एक पान उतरवून लिहायचं, आणि शाईने कधी खोटं लिहायचं नाही.

त्या महिन्याच्या चौकटीत तिने नमुना वाक्य लिहिलं: 'मी सातला भांडी आवरून ठेवते.' आभाराचा एक शब्दही तिला लिहिता आला नव्हता. पुढेही कधी आला नाही. आणि आता मार्च संपला की ३१८ नावाचं कोणी उरणार नव्हतं, तिचे आभार कुठल्याच पत्त्यावर पोचणार नव्हते.

खालची चौकट रिकामी होती.

नमुना वाक्याबद्दलही यानागिदा-सान यांचा नियम होता. मनचं रचून लिहू नका. 'माझा भाऊ लंडनला असतो' असं तुम्ही ठोकून देता, आणि पुढच्या महिन्यात शिकणारा बिचारा भावाची तब्येत विचारतो. लाल शाईतलं माणसं खरं मानतात. म्हणून मित्सुए अकरा वर्षं खरं आणि बारीकसारीक तेवढंच लिहीत आली होती. वाळत घातलेले कपडे, वेळेवर न आलेली बस, गोठलेला नळ.

त्या दिवशी तिने चौकट तशीच सोडली. दुसऱ्या दिवशीही. फुसाए-सान वाटी न्यायला आल्या, वाटी धुतलेली नाही म्हणून बोलून गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सूत्राचं पान पुरं झाल्यावर ती काळी शाई बाजूला सारून लाल पेन घेऊन बसली, आणि एका दमात लिहिलं:

'एक एप्रिलला मी डोंगरातल्या एका अबॅकस कारागिराकडे डोकावणार आहे.'

शाई वाळेपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मग पाचव्या वाक्याला, लहान मुलांना देतात तसं, पाकळ्यांचं मोठं लाल फूल काढून दिलं, पाकीट बंद केलं आणि पोस्टात टाकून आली.

पाच दिवसांनी दुपारी फोन वाजला.

"हिराओका-सान, ३१८," यानागिदा-सान म्हणाल्या. नमस्कार वगैरे त्या पत्रात लिहीत, फोनवर नाही.

"हो."

"तिसऱ्या वाक्याची दुरुस्ती बरोबर आहे. लागेल त्याला, पण बरोबर आहे."

"हो."

"मण्यांचं वाक्य तुम्ही सोडून दिलंत."

"मणी त्याच्या घरात माणसांसारखेच आहेत, असं वाटलं."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज झाला. "हं. सोडलं मीही. आता नमुना वाक्य."

मित्सुएने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"भविष्यकाळ घेतलात. अकरा वर्षांत पहिल्यांदा."

"हो."

"वर्तमानकाळातलं वाक्य खरं की खोटं ते मला विचारता येतं. हे मी आज कसं तपासू?"

"आज नाही तपासता येणार," मित्सुए म्हणाली. "एक तारखेनंतर येईल."

मागे कचेरीत कोणीतरी खोकी ओढत होतं. एका माणसाच्या हसण्याचा आवाज आला आणि विरून गेला.

"चालणार नसेल तर दुसरं लिहून पाठवते," मित्सुए हळूच म्हणाली. "कपडे वाळत घालण्याचं एखादं."

"कपडे पुरे. अकरा वर्षं तुमचे कपडे वाळतायत." मग आवाज जरा खाली आला. "तुम्ही वाक्याला उत्तर दिलंत, हिराओका-सान. समजतं मला. पंचेचाळीस वर्षं हेच काम करते आहे."

"समजतं तुम्हाला, हे मला माहीत होतं. म्हणून लपवलं नाही. क्षमा करा." मित्सुए फोनसमोरच खाली वाकली. पलीकडून ते दिसणार नव्हतं, तरी वाकली. "हा कागद थांबवायचा असेल तर थांबवा. पण लिहिलं ते मी शाईने लिहिलंय. कागद पोचला नाही, तरी मला जावं लागेल."

पुन्हा पान उलटलं. पुन्हा एकदा. तेच पान असावं.

"एकतीस मार्चपर्यंत तुम्ही आमच्या तपासनीस," यानागिदा-सान म्हणाल्या. "एक एप्रिलला तुम्ही कोण आणि कोणाकडे जाता, याबद्दल नियमावलीत काही नाही. मी पाहिलं. दोनदा पाहिलं."

मित्सुएने फोन कानाशी घट्ट धरला.

"व्याकरण बरोबर आहे. शेपटं दोन्ही जागेवर आहेत. कागद जाईल." आणि नमस्कार न करताच त्यांनी फोन ठेवला.

मार्चच्या अखेरीला हिरोशिमाहून एक जाड पाकीट आलं. पत्रशाळेचं छापील आभारपत्र, एक चांगला रुमाल, उरलेल्या लाल पेनांचं खोकं. तळाशी घडी घातलेला साधा कागद होता. त्यावर पेन्सिलीची बारीक, उभी अक्षरं होती. अकरा वर्षं समासात दिसत आलेली ती अक्षरं मित्सुएने लगेच ओळखली.

'एक तारखेला बुधवार आहे. त्याच्या स्टेशनाजवळचं सोबा शेवयांचं दुकान बुधवारी बंद असतं (३१८, 'शट डाउन', तीन वर्षांपूर्वीचा जून, चौथं वाक्य). सकाळची गाडी चुकली तर पुढची दुपारी आहे ('मिस आउट', मे, पहिलं वाक्य). गोड त्याला चालत नाही ('कट डाउन', दुसरं). तुम्ही नेणार असाल, म्हणून लिहिलं. डबा घेऊन जा. दोघांचा.'

खाली सही नव्हती. पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं होतं. मित्सुएने कागद उजेडाकडे धरला. खोडलेलं वाचता येत नव्हतं. बरंच लांब वाक्य असावं, एवढंच कळत होतं.

तिने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. जून, मे, चौथं, दुसरं. तिला स्वतःला सोबाच्या दुकानाचं आठवत नव्हतं. दर महिन्याला हजारभर कागद त्या टेबलावरून जात असतील. बाकीच्यांचंही त्यांना असंच आठवत असेल का, हे विचारायचं राहून गेलं होतं. ती कान्नोनदेवीसमोर बसली आणि तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडले. आज कोणासाठी, ते देवीला सांगायची गरज नव्हती.

एक तारखेला ती पहाटे उठली. सूत्राचं पान लिहिलं. भात गरम असतानाच त्याचे मुटके वळले, आत खारवलेला आलुबुखार घातला, वर समुद्रशेवाळ गुंडाळलं. अंड्याची गुंडाळी केली आणि साखर घालायला उचललेला हात मागे घेतला. फुसाए-सानचं लोणचंही चार फोडी घेतलं.

ती चपला घालत असतानाच मागचं दार सरकलं.

"कुठे निघालीस एवढ्या सकाळी? आणि हा चांगला कोट-बिट घालून?"

"ओकुइझुमोला जाऊन येते."

"तिकडे कोण आहे तुझं?"

"ओळखीचे आहेत एक."

"नाव काय?"

मित्सुए चपलेचा पट्टा नीट करत राहिली. "माहीत नाही."

फुसाए-सान यांनी तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. डब्याचं बोचकं एका माणसाचं नव्हतं, हे कोणालाही दिसलं असतं.

"नाव माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आणि माझं लोणचं त्याला."

"मीठ जास्त झालंय, ते सांगणार नाही."

"सांगूच नकोस." त्या पायरीवरून बाजूला झाल्या. "संध्याकाळी दिवा दिसला नाही तर मी येऊन बघीन हं."

रस्ता ओला होता, पण बर्फ नव्हता. वाटेत एकदा गाडी बदलायची होती, ते तिने आदल्या दिवशीच लिहून घेतलं होतं. दुसरी गाडी एकाच डब्याची निघाली. आत तीन माणसं होती आणि एका शाळकरी मुलाची सायकल. मित्सुए खिडकीशी बसली, बोचकं मांडीवर घेतलं. त्याची ऊब कोटातून पोटाशी लागत होती. गाडी हलली, भाताची खाचरं मागे पडली आणि डोंगर जवळ येऊ लागले.

दारात उभं राहून आधी काय म्हणायचं, हे अजून ठरलं नव्हतं. तिने ओठ न हलवता ते एकदा आपल्या भाषेत म्हणून पाहिलं. मग इंग्रजीत म्हणून पाहिलं. इंग्रजीतलं फार लहान झालं.

तिने तेच ठेवलं.